फिरकी की वेग? संघनिवडीच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं क्रिकेटमध्ये काय काम? शंका रास्त आहे. माझं क्रिकेट कॉलेजच्या संघात बारावा खेळाडू होण्यापुढे गेलं नाही. पण पाणी घेऊन मैदानात जाणाऱ्या माणसाला एका गोष्टीवर विचार करायला भरपूर वेळ मिळतो, ती म्हणजे संघनिवड. मी ऑफस्पिन टाकायचो. आमच्या कर्णधाराचं म्हणणं असायचं, मॅटिंगवर फिरकीपेक्षा मध्यमगती बरी. त्याचं बरोबर होतं की चूक, हे मला आज पन्नास वर्षांनंतरही ठरवता आलेलं नाही. खरं तर हे व्याख्यान तिथूनच सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

ताजं उदाहरण घेऊ. जून २०२३, लंडनचं ओव्हल मैदान, जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना. समोर ऑस्ट्रेलिया. सकाळी आभाळ भरलेलं, खेळपट्टीवर हिरवळ. भारताने चार जलदगती गोलंदाज आणि एकटा जडेजा असा संघ निवडला. रविचंद्रन अश्विन बाहेर. त्या वेळी तो क्रमवारीत जगातला पहिल्या क्रमांकाचा कसोटी गोलंदाज होता आणि त्याच्या नावावर ४७४ विकेट होत्या. ऑस्ट्रेलियाने ४६९ धावा केल्या, हेडने १६३, स्मिथने १२१. शेवटच्या डावात त्यांच्या नेथन लायनने ४१ धावांत ४ विकेट घेतल्या आणि आपण २०९ धावांनी हरलो. त्या संध्याकाळी आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर एकच वाक्य होतं : अश्विनला घ्यायला हवा होता.

आता बघा. हे वाक्य रविवारी संध्याकाळचं आहे आणि निर्णय बुधवारी सकाळचा. मधल्या पाच दिवसांत ऊन पडलं, खेळपट्टी सुकली, हेडचा झेल कुठे उडाला, कुठे पडला, हे सगळं होऊन गेलं. निवडणाऱ्याला बुधवारी जे दिसत होतं, त्यावरूनच त्याला दोष द्यायचा किंवा शाबासकी द्यायची. मी म्हणेन, बुधवारच्या सकाळच्या हिशेबानेही तो निर्णय चूक होता. पण तसं का म्हणतो, ते लायनच्या विकेटकडे बोट न दाखवता सांगता आलं पाहिजे.

आपल्या न्यायशास्त्रात यासाठी एक छान शब्द आहे, उपाधी. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण अनुमान करतो, आणि ते बरोबर असतं. पण उलट करून बघा : अग्नी आहे म्हणजे धूर असणारच. हे बरोबर नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओलं लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, जी आपण हिशेबात धरायला विसरलो. आता ‘हिरवळ आहे, म्हणून वेगवान गोलंदाज’ हे अनुमान तपासा. हिरवळीखाली ओलावा असेल तर चेंडू शिवणीवर पडून इकडेतिकडे जाईल. ओलावा नसेल, तर तेच गवत माती धरून ठेवतं, खेळपट्टी फुटू देत नाही, आणि फलंदाज आनंदात खेळतात. म्हणजे इथेही ओलं सरपणच निघालं बघा. आणि ओलावा हा असा पदार्थ आहे की तो बुधवारी असतो आणि शुक्रवारी नसतो. कसोटी पाच दिवसांची.

तेव्हा निवडणाऱ्यापुढे आजची खेळपट्टी असते आणि न दिसणारी पाचव्या दिवसाची खेळपट्टीही असते. त्याशिवाय आपल्याकडे कोण आहे, हाही प्रश्न असतोच. माझं मत असं की इतिहासात जे निर्णय विचारपूर्वक झाले, ते बहुधा या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू झाले. फिरकी हवी की वेग, असं विचारून सुरुवात केली की घोटाळा होतो.

कानपूरची गोष्ट बघा. डिसेंबर १९५९. रिची बेनोचा ऑस्ट्रेलियन संघ आलेला, आणि तोवर भारताने ऑस्ट्रेलियाला एकदाही हरवलेलं नव्हतं. खेळपट्टी नव्याने तयार केलेली. निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी ती पाहिली आणि जसू पटेल या पस्तीस वर्षांच्या ऑफस्पिनरला संघात घ्या, असा आग्रह धरला. जसूभाईंनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ आणि दुसऱ्यात ५५ धावांत ५ विकेट घेतल्या. भारत ११९ धावांनी जिंकला. अमरनाथांची नजर, त्यांनी खेळपट्टी कशी वाचली, याच्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

पण त्या सामन्याचा दुसरा आकडा कोणी सांगत नाही. त्याच खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाचा डावखुरा जलदगती गोलंदाज ॲलन डेव्हिडसन याने सामन्यात १२ विकेट घेतल्या. किती धावा देऊन? १२४. आणि जसूभाईंच्या १४ विकेट किती धावांत? ६९ अधिक ५५, तेही १२४! एकच माती, एकाने फिरकीवर १४ घेतले, दुसऱ्याने वेगावर १२. मग ती खेळपट्टी फिरकीची होती की वेगाची? माझं उत्तर असं की त्या मातीवर चांगल्या गोलंदाजाला मदत होती. अमरनाथांची पारख मी कमी लेखत नाही, त्यांनी माणूस बरोबर ओळखला. जसूभाई मात्र एकूण ७ कसोटीच खेळले. पुढे तसा सामना त्यांच्या हातून पुन्हा झाला नाही.

निकालावरून निर्णय जोखण्याला आपल्याकडे नाव आहे, काकतालीय न्याय. कावळा फांदीवर बसला आणि ताडाचं फळ पडलं. फळ कावळ्यामुळे पडलं असं म्हणायचं नाही. क्रिकेटच्या चर्चेत हा कावळा रोज येऊन बसतो.

२००२ सालचं हेडिंग्ली घ्या. लीड्स म्हणजे इंग्लंडमधलं शिवणीवर चेंडू हलणारं प्रसिद्ध मैदान, वर ढग. सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, आणि तिसरा जलदगती गोलंदाज वगळून कुंबळे आणि हरभजन दोघांनाही खेळवलं. पुस्तकी हिशेबाने दोन्ही गोष्टी उलट्या. संजय बांगरने ६८ धावांची चिवट खेळी केली, द्रविडने १४८, तेंडुलकरने १९३, गांगुलीने स्वतः १२८. आठ बाद ६२८ वर डाव सोडला आणि एक डाव ४६ धावांनी जिंकलो. इंग्लंडच्या निम्म्याहून अधिक विकेट या दोन फिरकी गोलंदाजांनी घेतल्या. गांगुलीचा निर्णय मला बरोबर वाटतो, पण जिंकलो म्हणून नव्हे. त्याच्याकडचे सर्वांत चांगले दोन गोलंदाज फिरकीचे होते, आणि खेळपट्टीच्या धाकाने तिसऱ्या क्रमांकाचा गोलंदाज पुढे आणायला त्याने नकार दिला. उद्या बांगर शून्यावर बाद झाला असता आणि आपण दीडशेत आटोपलो असतो, तरी संघनिवडीचा हा युक्तिवाद तितकाच चांगला राहिला असता. लोकांनी मात्र त्याला फाडून खाल्लं असतं.

२०१८ च्या जानेवारीत जोहान्सबर्गला याच्या अगदी उलट झालं. पाच वेगवान, एकही फिरकी नाही, आणि ६३ धावांनी विजय. तेही बरोबर. तिथे चेंडू अंगावर उसळत होता आणि बुमरा, शमी, भुवनेश्वर, ईशांत हे खरोखर उत्तम होते. मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पर्थ. नवं मैदान, हिरवळ, अश्विन दुखापतीमुळे उपलब्ध नाही. आपण चार जलदगती घेतले, पुन्हा एकही फिरकी गोलंदाज नाही. शमीने एका डावात ५६ धावांत ६ घेतले, वेगवान मारा वाईट झाला असं कोणी म्हणणार नाही. पण सामनावीर कोण ठरला? नेथन लायन, ८ विकेट. उसळीचा फायदा उंचावरून चेंडू सोडणाऱ्या ऑफस्पिनरलाही होतो, हे आपण जोहान्सबर्गच्या आनंदात विसरलो होतो. एका यशावरून नियम बनवायची घाई आपल्याला फार.

२०२१ चा साऊदम्प्टनचा अंतिम सामना थोडक्यात सांगतो. आपण आदल्या दिवशीच संघ जाहीर केला, अश्विन आणि जडेजा दोघेही त्यात. पहिला दिवस पावसात गेला. नाणेफेक दुसऱ्या दिवशी. नाणेफेकीआधी संघ बदलता येत होता, बदलला नाही. न्यूझीलंडने एकही फिरकी गोलंदाज न घेता पाच वेगवान घेतले आणि ८ गड्यांनी जिंकले. बुधवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ असं मघाशी म्हणालो ना, इथे निवडणाऱ्यांना फुकटात एक जादा सकाळ मिळाली होती, नवी माहिती घेऊन आलेली. ती वापरली नाही, हा माझा आक्षेप. यातही गंमत अशी की दुसऱ्या डावात न्यूझीलंडच्या ज्या दोन विकेट पडल्या, त्या दोन्ही अश्विनच्याच.

आता जरा मागे जाऊ, कारण फिरकी की वेग या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. आपण स्वतःला कोण समजतो?

भारत फिरकीचा देश आहे, हे आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते जणू हिमालयाइतकं जुनं वाटतं. पण १९३२ साली लॉर्ड्सवर आपली पहिली कसोटी झाली, तेव्हा आपलं बळ होतं वेगात. महंमद निसार आणि अमरसिंह. निसारने पहिल्या डावात ९३ धावांत ५ विकेट घेतल्या. सुरुवातीलाच इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ होती. मग काय झालं? अमरसिंह १९४० साली ऐन तारुण्यात गेले. फाळणीनंतर निसार पाकिस्तानात. फझल महमूद यांची १९४७–४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय संघात निवड झाली होती, तेही पाकिस्तानचे झाले आणि पुढे त्यांचे पहिले मोठे गोलंदाज ठरले. म्हणजे आपण फिरकीचा देश होण्यात सीमारेषेचाही वाटा आहे. आपल्याकडे मंकड होते, मग गुप्ते आले, आणि हळूहळू ‘आहे ते वापरू’ याचं ‘आपण असेच आहोत’ झालं. रमाकांत देसाई हा एवढीशी चण असलेला आमच्या मुंबईचा वेगवान गोलंदाज एकट्याने दम काढत राहिला.

मग आले पतौडी आणि ती प्रसिद्ध चौकडी. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. पतौडींचा विचार सरळ होता : माझ्याकडे चांगले जलदगती गोलंदाज नाहीत, मग नावापुरते दोन घेऊन काय करू? सर्वांत चांगले गोलंदाज खेळवतो. बरोबर विचार. या विचाराचं टोक म्हणजे जुलै १९६७ मधली एजबॅस्टनची कसोटी. चौघेही एकत्र खेळले, असा तो एकमेव सामना. आम्ही वाड्यात एकाच रेडिओभोवती बसायचो. नवा चेंडू कोणी टाकला? सुब्रमण्यमने आणि बुधी कुंदरनने. कुंदरन हा मुळात यष्टिरक्षक! त्या सामन्यात यष्टींमागे इंजिनिअर होता, म्हणून हा मोकळा. आम्हाला तेव्हा हसू आलं होतं. आपण १३२ धावांनी हरलो, पण पहिल्या डावात ९२ धावांत आटोपलो म्हणून हरलो. त्यात चार फिरकी गोलंदाजांचा काय दोष? तरी तो प्रयोग पुन्हा झाला नाही. पुन्हा तोच कावळा.

त्यानंतर दहाएक वर्षं निवडीचा खरा तंटा फिरकी आणि वेग यांच्यात नव्हताच, तो फिरकीच्या आतला होता. प्रसन्ना की वेंकट? १९७१ साली वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं, आणि त्या मालिकेतल्या तिन्ही कसोटी प्रसन्नाने बाहेर बसून पाहिल्या. वेंकट फलंदाजीही करायचा, क्षेत्ररक्षण उत्तम. अश्विन की जडेजा या वादाची ही पहिली आवृत्ती समजा. १९७४ मध्ये तर वेंकट दिल्लीच्या कसोटीत कर्णधार आणि लगेच पुढच्या कसोटीत बारावा खेळाडू! बाराव्या खेळाडूंच्या जमातीत इतका मानाचा माणूस दुसरा नसेल.

आणि नवा चेंडू? तो टाकायचा फक्त लकाकी घालवण्यासाठी. सोलकर, आबिद अली, कधी चक्क गावसकर. तीनचार षटकं झाली की चेंडू बेदीच्या हातात. खेळपट्ट्या वेगाला साथ देत नाहीत म्हणून वेगवान गोलंदाज तयार होत नाहीत, आणि वेगवान गोलंदाज नाहीत म्हणून तशा खेळपट्ट्या करायच्या नाहीत. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. कपिल देवने स्वतः अनेकदा सांगितलेली आठवण आहे. मुंबईत तरुण खेळाडूंचं शिबिर होतं, जेवायला दोन पोळ्या आणि भाजी. त्याने जास्त मागितलं, मी वेगवान गोलंदाज आहे म्हणाला. शिबिरातले एक पदाधिकारी हसले आणि म्हणाले, भारतात वेगवान गोलंदाज नसतातच. १९७८ साली हाच मुलगा पाकिस्तानात पहिली कसोटी खेळला. त्याच मालिकेत झहीर अब्बास आणि मियाँदाद यांनी आपल्या फिरकीची पिसं काढली आणि चौकडीचा काळ संपला.

या अन्योन्याश्रयाची किंमत कोणी मोजली, ते मला आज मुद्दाम सांगायचं आहे. दोन माणसं, दोन्ही आपल्याकडची.

एक पद्माकर शिवलकर. डावखुरी फिरकी, १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ विकेट, सरासरी विसाच्याही आत. १९७२–७३ ची रणजीची अंतिम लढत चेपॉकवर होती. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, तेव्हा खेळपट्टी फिरकीची. मुंबई १५१ आणि ११३ मध्ये बाद. तमिळनाडू ८० आणि ६१! शिवलकर १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. दुसऱ्यासाठी खणलेला खड्डा म्हणतात तो असा. मी त्यांना ब्रेबॉर्नवर गोलंदाजी करताना पाहिलं आहे. तासन्‌तास एका टप्प्यावर चेंडू, चेहऱ्यावर घाई नाही. कसोटी किती खेळले? एकही नाही. कारण बेदी. हरियाणाचे राजिंदर गोयलही तसेच, रणजीत ६३७ विकेट. १९७४ च्या बंगलोर कसोटीत बेदींना शिस्तभंगासाठी वगळलं, गोयल बारा जणांत होते, आणि सकाळी अकरांत मात्र नाव नव्हतं. गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर ‘आयडॉल्स’ हे पुस्तक लिहिलं, त्यात या दोघांना जागा दिली. शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये गेले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘हा चेंडू दैवगतीचा’.

त्या नावापाशी मी नेहमी अडखळतो. दैव म्हणायचं का याला? बेदींना निवडणं बरोबरच होतं, त्यात कोणाला शंका नाही. पण लकाकी घालवायला ठेवलेल्या दोन जागांपैकी एक जागा देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या फिरकी गोलंदाजाला का मिळाली नाही, हे कोणा ग्रहाने ठरवलेलं नव्हतं. एका खोलीत बसलेल्या पाच जणांनी ठरवलं होतं. एजबॅस्टनला हरल्यावर चार फिरकी नकोत, हा नियम कोणी न लिहिता तयार झाला. निर्णय बरोबर असू शकतो आणि तरी त्याने कोणाचं तरी खरंखुरं नुकसान होऊ शकतं. तत्त्वज्ञानात आम्ही यावर वर्गात तासचे तास घालवतो, आणि विद्यार्थी उदाहरण मागतात तेव्हा मी शिवलकरांचं देतो.

दुसरे पांडुरंग साळगावकर, महाराष्ट्राचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांमध्ये त्यांचं नाव होतं. श्रीलंकेविरुद्ध अनधिकृत कसोटी खेळले, प्रथम श्रेणीत दोनशेहून अधिक विकेट घेतल्या. अधिकृत कसोटी? तीही एकही नाही. शिवलकर राहिले, कारण फिरकीची रांग मोठी होती. साळगावकर राहिले, कारण वेगाची रांगच लावायची नाही असं ठरलेलं होतं. एकाच धोरणाच्या दोन बाजूंनी दोघे बाहेर.

आता २०१७ चा फेब्रुवारी. पुण्याजवळ गहुंजेचं मैदान, तिथली पहिलीच कसोटी, समोर ऑस्ट्रेलिया. खेळपट्टी कोरडी, पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळतो. आपल्याकडे अश्विन, जडेजा, जयंत यादव. त्यांच्या स्टीव्ह ओकीफने पहिल्या डावात ३५ धावांत ६ घेतले आणि दुसऱ्या डावात पुन्हा ३५ धावांत ६. आपण १०५ आणि १०७. पराभव ३३३ धावांनी. सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. चेपॉकच्या खड्ड्यात या वेळी आपण पडलो.

त्या मैदानाचे क्युरेटर कोण होते, तर पांडुरंग साळगावकर. खेळपट्टी कशी हवी हे क्युरेटर एकटा ठरवत नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण चित्र डोळ्यांपुढे आणा. ज्या माणसाला ऐन उमेदीत सांगितलं गेलं की या देशाला वेग नको, तोच माणूस चाळीस वर्षांनी त्या खेळपट्टीच्या कडेला उभा आहे, आणि तिच्यावर पहिल्या सकाळी दुसरंच षटक टाकायला चेंडू कोणाच्या हातात दिला जातो? अश्विनच्या, म्हणजे ऑफस्पिनरच्या.